ओल्या शिवणीची चाकं

महाड,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. सदूकाकांना सुनीतीचा नमस्कार.

दोनदा फोन केला होता. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, कारण शेजारी ओजस झोपलेला असतो. शेवटी पप्पाच म्हणाले, सदाशिवला पत्र लिही, तो ते जपून ठेवील. तुमच्या वाडीच्या शाळेतून त्यांची बदली झाली त्याला बावीस वर्षं झाली, तरी आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या बोलण्यात तुमचं घर येतं.

ओजस, माझा मुलगा, आता सोळा महिन्यांचा आहे. दिवाळीत त्याला कुणीतरी प्लास्टिकची मोटार दिली. पाडव्याच्या दिवशी खेळता खेळता तो एकदम गप्प झाला. रडणं नाही, खोकला नाही, तोंड उघडं आणि ओठ निळसर. विनीतने त्याला हातावर पालथा घेतला आणि पाठीवर थापा मारल्या. पाचव्या थापेला मोटारीचं चाक बाहेर पडलं. शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडं मोठं. दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक आहे. पण मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

मी घराच्या खालच्या खोलीत बालवर्ग चालवते, बावीस मुलं येतात. घरातली आणि वर्गातली प्लास्टिकची सगळी खेळणी मी गोण्यांत भरून टाकली. तो उग्र वास, ते भडक रंग, हात लावला की मोडणं. असली खेळणी करणाऱ्यांना स्वतःची मुलं नसतील का, असं मनात येतं. आता मला मुलांच्या हाती फक्त लाकूड, कापड आणि माती द्यायची आहे.

मला आणि तुमच्या राजेशला तुम्ही लाकडाची गाडी करून दिली होती. शेणानं सारवलेल्या अंगणात आम्ही ती चौथीपर्यंत ओढली. तशा चार गाड्या, शिवाय बैल, हत्ती, कासव असे प्राणी, तुम्ही करून द्याल का? घाटातल्या बाजारात लाकडी खेळणी मिळतात, पण त्यांच्यावर कसला रंग असतो ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तुमच्या हातचं असलं की मला विचारावं लागणार नाही.

राजेश कुठे असतो? त्याला आणि वहिनींना विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
सुनीती


वरची वाडी, ता. पोलादपूर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सुनीतीस आशीर्वाद.

अक्षर सुनेचं हाय, बोलणं माझं. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, म्हणून अक्षदाच वाचते आणि अक्षदाच लिहिते. पोर वाचलं, देवाची कृपा. जावईबापूंनी डोकं ठिकाणावर ठेवलं, त्यांना शाबास सांग.

खेळणी करतो. लाकूड शिवणीचं घेईन. वजनाला हलकं, लवकर चिरत नाय. बांधावरची शिवण गणपतीनंतर तोडली, ती माळ्यावर टाकलीय. रंग काय लावणार नाय. काचपेपर मारायचा आणि वरून खोबरेल तेल चोळायचं, बस.

दोन गोष्टी विचारतो. पोर अजून सगळं तोंडात घालतंय का? आणि त्याची मूठ केवढी? कागदावर त्याचा पंजा ठेव, भोवतीनं पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. पोराचं खेळणं पोराच्या मापाचं लागतं.

राजेश बिरवाडीला कंपनीत हाय. तिथंच खोली घेऊन ऱ्हातो, रविवारी घरी येतो. बरं चाललंय. गुरुजींना नमस्कार. त्यांनी शाळेमागं लावलेला फणस आता धरतो.

सदूकाका


महाड,
३ डिसेंबर २०२४

ती. सदूकाकांना नमस्कार.

सोबत ओजसचा पंजा. त्याने मधेच हात ओढला, म्हणून अंगठा लांब दिसतोय, तेवढा कमी धरा. आणि हो, तो सगळं तोंडात घालतो.

पाकिटात पुठ्ठ्याची एक नळीही आहे. डॉक्टरांनी मापाला दिली. या नळीत जे सहज जातं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही, असं ते म्हणाले. तुम्ही कराल त्याचा एकेक भाग यात घालून बघा.

एक विनंती आहे. सव्वीस जानेवारीला वर्गात सगळे पालक येणार आहेत. तेव्हा खेळणी मांडता आली तर फार बरं होईल. प्लास्टिकची खेळणी काढून टाकल्यापासून पालक कुरबुर करतायत. राजश्री म्हणून एकीची आई आहे, तिची वल्लरी सव्वातीन वर्षांची. ती मला सरळ म्हणाली, "ताई, तुमच्या मुलाला झालं म्हणून आमच्या मुलांनी रिकाम्या खोलीत बसायचं का?" तिचं काही चुकत नाही. वर्गात सध्या कापडाचे चार चेंडू आणि भिजवलेली माती, एवढंच आहे. म्हणून सव्वीस तारखेच्या आत जमवा, काका. गाड्या तर हव्यातच, मुलांना ओढायला काहीतरी हवं असतं.

तुमची,
सुनीती


वरची वाडी,
१९ जानेवारी २०२५

चि. सुनीतीस आशीर्वाद.

खेळण्यांची गोणी महाडच्या एसटीत रावजी कंडक्टरकडे दिलीय. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ठेवायला सांगितलंय. आत सहा बैल, दोन हत्ती, तीन कासवं आणि चार गाड्या हायत. सगळं नळीत घालून बघितलं. प्राणी कुठलाच आत जात नाय, चाकं पण जात नायत. चाकाबाहेर आसाला मारलेली खुंटी बारीक हाय, पण ती ठोकून घट्ट बसवलीय.

पोराला ओढू दे. तेल महिन्यातून एकदा लाव.

सदूकाका


महाड,
३१ जानेवारी २०२५

सदूकाका,

सव्वीस तारीख फार छान गेली. मुलं गाड्यांवरून भांडली, पालकांनी फोटो काढले, पप्पांनी तुमचं नाव घेऊन चार शब्द सांगितले. हे लिहायचं राहू नये म्हणून आधी लिहिलं.

काल सकाळी वल्लरी माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. गाडीची खुंटी होती ती, थुंकीने ओली झालेली. मी विचारलं, कुठे सापडली? तिने तोंडाकडे बोट दाखवलं. मी चारही गाड्या तपासल्या. सोळा खुंट्यांपैकी सात हलत होत्या आणि दोन नव्हत्याच. एक वल्लरीने दिली ती. दुसरी शोधायला बावीस मुलांना अंगणात बसवून खोली झाडली. चटईखाली सापडली.

राजश्रीला मी स्वतःच सांगितलं. ती ओरडली नाही. वल्लरीची पिशवी उचलली आणि तिला घेऊन गेली. आज ती आलेली नाही.

काका, खुंटी बारीक आहे हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही तसं लिहिलंत. तरीही पाठवलीत. तुमच्याकडून आलंय म्हणून मी एकही खुंटी ओढून बघितली नाही. गाड्या परत पाठवते आहे. प्राणी ठेवू की नको, ते अजून ठरवलेलं नाही. तुम्हाला असं लिहावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

सुनीती


वरची वाडी,
१० फेब्रुवारी २०२५

सुनीतीताईंना अक्षदाचा नमस्कार.

हे पत्र आबांनी सांगितलेलं नाही. माझं आहे. आणि तुमचं पत्र मी त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. रोज विचारतात, सुनीतीचं काय आलं का गो, आणि मी नाही म्हणते. आठवडाभरात असं किती वेळा म्हटलं ते आठवत नाही.

खेळणी आबांनी केली नाहीत, मी केली. आबांचा हात तीन वर्षांपासून कापतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. ते पायरीवर बसतात आणि सांगतात, मी वाकस आणि पटाशी चालवते. लग्न होऊन आले तेव्हा मला पटाशी धरता येत नव्हती. आता येते. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, मी करते असं लिहू. आबा म्हणाले, "माझंच नाव लिही. सुनेनं केलं म्हटलं तर ती बिचकंल." त्यांनी ते माझ्या चांगल्यासाठी सांगितलं, पण स्वतःचा हात गेला हे गुरुजींना कळू नये, असंही त्यांना वाटत असावं.

आता माझं. तुम्ही सव्वीस तारखेची घाई लिहिलीत तेव्हा आबांनी मला सांगितलं होतं, "लिही तिला, लाकूड ओलं हाय. जनावरं अखंड लाकडाची, ती आता चालतील. गाड्या शिमग्यानंतर. ओली खुंटी आज ठोकली तर महिन्यानं सुटते." ते मी लिहिलं नाही. त्यांनी फक्त प्राणी पाठवायला सांगितले होते. गाड्या मी करून ठेवल्या होत्या, त्या मी गोणीत घातल्या आणि पत्रात तशी ओळ वाढवली. त्यांना दिसत नाही, त्यामुळे कळलं नाही. मी प्रत्येक खुंटी ओढून बघितली होती, तेव्हा ती घट्ट होती. पण पुढे काय होणार ते मला सांगितलेलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

असं का केलं, तेही सांगते. हे (राजेश) बिरवाडीच्या ज्या कंपनीत आहेत तिथे प्लास्टिकची खेळणी बनतात. यांची लाईन चाकांची आहे. तुमचं पहिलं पत्र वाचलं त्या रविवारी हे घरी होते. आबांना वाचून दाखवायचं म्हणजे ओरडून, अख्ख्या वाडीला ऐकू जातं. असली खेळणी करणाऱ्यांना मुलं नसतील का, ही ओळ मी वाचली तेव्हा हे ओटीवर मुलीला जेवू घालत होते. ताट ठेवून उठले आणि बांधाकडे गेले. आमची मुलगी चार वर्षांची आहे.

मला वाटलं, माझं काम लवकर तुमच्यासमोर यावं. चांगलं झालं तर तुम्ही आणखी मागाल, आणि या घरातून चाकांशिवाय दुसरंही काहीतरी बाहेर जाईल. घाई तुम्हाला होती त्यापेक्षा मला जास्त होती.

वल्लरीला काही झालं असतं तर, हे मी रोज स्वतःला विचारते. तुम्ही आबांना कळवायचं तर कळवा. मी अडवणार नाही.

अक्षदा


महाड,
१५ फेब्रुवारी २०२५

अक्षदावहिनी,

तुमचं पत्र मी विनीतला आणि पप्पांना वाचून दाखवलं, मग पुन्हा एकटीने वाचलं.

मला राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. तुम्हाला आबांनी सांगितलेलं होतं, आणि तुम्ही ती ओळ गाळलीत. त्यावर मी दुसरं काही लिहू शकत नाही.

पण माझंही सांगायला हवं. लाकूड सुकायला वेळ लागतो, हे मला पप्पांच्या तोंडून लहानपणापासून माहीत आहे. तरी मी तारीख घातली, कारण पालकांसमोर मला खाली बघायचं नव्हतं. आणि गाड्या आल्यावर मी एकही खुंटी ओढली नाही. ओजसची प्लास्टिकची मोटारही मी ओढून बघितली नव्हती. तेव्हा विचार केला नाही, आणि आता लाकूड आहे म्हणून विचार केला नाही. दोन्ही वेळा मी तेच केलं.

राजेशबद्दल ती ओळ लिहिली नव्हती, पण ती त्याच्यावरच पडली. त्याला सांगा, की मी चुकले. नाही, तुम्ही सांगू नका. मी त्याला वेगळं लिहीन.

मी आबांना काही कळवणार नाही. ते काम तुमचं आहे. माझं जानेवारीचं पत्र त्यांना वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता. वाडीने ऐकलं तरी चालेल. त्याआधी मला काही पाठवू नका.

प्राणी मी ठेवले आहेत. दगडावर आपटून, पाण्यात बुडवून, ओढून बघितले. त्यांना काही झालं नाही.

सुनीती


वरची वाडी,
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुनीती,

तुझं वेगळं पत्र बिरवाडीच्या खोलीवर मिळालं. त्याचं टेन्शन घेऊ नकोस. मला राग आला होता तो एवढ्यासाठी, की तू विचारलंस ते मी पण कधीकधी स्वतःला विचारतो. तुझ्या पोराची मोटार आमच्याकडची होती का, ते सांगता येत नाय. बाजारात बिननावाचा माल लय असतो. नोकरी मी सोडणार नाय, हे पण सांगतो. घर त्याच्यावर हाय.

हे पत्र आबांनी मला लिहायला सांगितलं. अक्षदानं तुझं पत्र त्यांना गेल्या सोमवारी वाचलं, सगळं. स्वतःचं पण सांगितलं. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नायत. तिसऱ्या दिवशी तिला म्हणाले, परत आलेल्या गाड्या आण. प्रत्येक खुंटी बोटानं चाचपली आणि चारही गाड्या चुलीत घालायला लावल्या. अक्षदानंच घातल्या. मग म्हणाले, आता माळ्यावरची शिवण खाली काढ, कुठली सुकलीय ते बघू.

आमच्या कंपनीत माल पॅक व्हायच्या आधी चाक ओढून बघतात. चाकाला वजन टांगून ठेवायचं, निघालं तर अख्खा लॉट बाद. मी अक्षदाला तसं करून दाखवलं. आता गाडी भिंतीतल्या खुंटीला आडवी, चाक खाली करून बांधायची, चाकाला दोरीनं पाण्याची कळशी लावायची आणि आपण जेवून यायचं. वरनं ती खुंट्या आता बारीक करत नाय, दोन अंगठ्यांएवढ्या जाड करते, तुझ्या नळीत जात नायत अशा. आबांना मी म्हटलं, हे आमच्या प्लास्टिकवाल्यांचं हाय. ते म्हणाले, चांगलं असंल तर घे, कुठलं का असंना.

आबांचं शेवटचं सांगणं असं, जसंच्या तसं लिहितो: "सुनीतीला सांग, हात हिचा हाय तर नाव पण हिचंच. यापुढं माझ्या नावानं लिहू नको. काय बोलायचं ते हिला बोल, आणि शिव्या पण हिलाच घाल."

राजेश


वरची वाडी,
६ एप्रिल २०२५

सुनीतीताईंना नमस्कार.

दोनच गाड्या पाठवते आहे. चार कराव्यात एवढं सुकं लाकूड निघालं नाही. प्रत्येक चाकाला कळशी टांगली, दोनदा, मधे आठ दिवस सोडून. तरीही मुलांना देण्याआधी तुम्ही ओढून बघा, आणि दर पंधरा दिवसांनी बघत जा. हललेली दिसली तर गाडी काढून ठेवा.

गुरुजींनी आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महाडच्या शिबिरात नाव घातलं, हे फार मोठं काम झालं. आबा तयार होत नव्हते. यांनी रजा काढली आहे, बावीस तारखेला घेऊन येतील. आठवडाभर तुमच्याकडे राहायचं म्हणजे आबांना अवघड वाटतंय. त्यांना सकाळी भाकरी लागते, तेवढं बघा.

अक्षदा


महाड,
२८ एप्रिल २०२५

अक्षदावहिनी,

आबा उद्या राजेशबरोबर निघतील. हे पत्र त्यांच्याच पिशवीत ठेवते आहे. डोळ्यात औषध घालायच्या वेळा वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. ते ऐकत नाहीत, तुम्ही ऐकायला लावा.

आधी वर्गाचं. गाड्या आल्यावर मी राजश्रीला घरी बोलावलं. जे झालं ते सगळं सांगितलं, माझ्या घाईसकट. तिने गाडी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी चाक ओढलं. मग पायाखाली गाडी धरून ओढलं. बराच वेळ तिचं हेच चाललं होतं. नंतर म्हणाली, जूनमध्ये बघते. वल्लरी सध्या दुसरीकडे जाते. ती परत येईल की नाही, मला माहीत नाही. दोन मुलं कायमची गेली. एकोणीस आहेत.

आता आबांचं. पट्टी काढली त्या दिवशी दुपारी ते पडवीत खुर्चीवर बसले होते. ओजस जमिनीवर तुमच्या बैलांशी खेळत होता. आबांनी हात पुढे केला, ओजसने एक बैल त्यांना दिला. तुमचं काम त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं असणार, एवढे दिवस ते बोटांनीच बघत होते. बैल उलटासुलटा केला. वशिंडावरून, पोटाखालून अंगठा फिरवला. पप्पा शेजारीच होते. आबांचा हात कापत होता आणि त्यांनी तो पप्पांपासून लपवला नाही.

मग म्हणाले, "मी असा केला नसता."

मला वाटलं, काहीतरी चुकलंय. मी कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, काय झालं काका, शिंगं नीट नाहीत का?

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "माझ्यानं झाला नसता."

मग बैल ओजसला परत दिला आणि भाकरीला अजून किती वेळ आहे, ते विचारलं.

हे ते तुम्हाला घरी येऊन सांगतील असं मला वाटत नाही, म्हणून लिहिलं.

तुमची,
सुनीती